उपाशी नळी

वसंतभाऊंचा फोन आला तेव्हा मी लाखनीला हायवेच्या कडेला रस्ता ओलांडायची वाट बघत उभा होतो. एकामागून एक ट्रक चालले होते, त्यामुळे पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. कोण गेलं, कोण गेलं, असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते ओरडून म्हणाले, "ताई गेली, मनोहरभाऊ. आपली कुमुदताई." सकाळी दूधवाल्याच्या हाकेला ओ आली नाही म्हणून शेजारच्यांनी दार ढकललं, तर त्यांच्या ताई, म्हणजे माझ्या मॅडम, अंथरुणातच... झोपेतच गेल्या होत्या. मी फोन खिशात ठेवला, रस्ता ओलांडला, ज्या दुकानात जायला निघालो होतो तिथेच गेलो, अर्धा किलो लाखोरीची डाळ घेतली आणि घरी आलो. डाळ डब्यात ओतून झाल्यावर मग सुचलं की आपल्याला सानगडीला जायला हवं. साकोलीवरून गेलो, चार माणसांत उभा राहिलो, संध्याकाळच्या एसटीने परत आलो. डोळ्यांतून टिपूस नाही. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी बारा वाजता सवयीने फोन मांडीवर घेऊन बसलो आणि साडेबारापर्यंत तसाच बसून राहिलो. तेव्हा कुठे रडू आलं.

मॅडम म्हणजे डॉ. कुमुद. भंडाऱ्याच्या ज्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक होतो, तिथे त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि वेळ मिळेल तसं झाडांच्या विषाणूंवर संशोधन करायच्या. निवृत्त झाल्यावर सानगडीला वडिलांच्या घरी एकट्या राहत होत्या. भंडाऱ्यातल्या ज्या थोड्याफार लोकांना त्या आठवत असतील, त्यांना बहुधा 'वर्तुळवाल्या मॅडम' म्हणून आठवत असतील, आणि थोडं हसून. ते हसणं त्यांच्या वाट्याला माझ्यामुळे आलं. ही एक गोष्ट मला त्यांना सांगायची होती. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्षं गेली. आता त्यांना सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगतो आहे. हा काही बरा मार्ग नाही, पण दुसरा उरलेला नाही.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी कॉलेजात लागलो. आमच्या घरातला पहिला पगारदार मी. बाप दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणीला जायचा आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून माझा अभ्यास घ्यायचा. स्वतःला वाचता येत नव्हतं, तरी पुस्तक उलटं धरलं की ओळखायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो तर एक बाई पदर खोचून बेसिनपाशी काचेची भांडी धूत होत्या. मला वाटलं, कामवाल्या मावशी असतील. मग कोणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली, तसा मी धावलो. "द्या जी मॅडम, मी धुतो." त्यांनी मान वर केली. "काहून? तुले कोणं सांगतलं का धुणं तुयं काम आहे? माया भांड्यायले माया हात लागला नाही तं मले भरोसा नाही येत. तू अक्षर दाखव." माझं अक्षर पाहिलं, माझ्या हातात मार्कर दिला आणि त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक नळीवर, प्रत्येक बाटलीवर नाव घालायचं काम माझं झालं. आमच्या पिढीतल्या माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी काय वाटतं, हे ज्याला कळायचं त्याला कळेल. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं आणि आज आठवूनही वाटतं.

मॅडम कोष्ट्यांच्या. वडिलांचा सानगडीला माग होता, टसरचं विणत. शिकायला म्हणून त्या दूरदूरच्या मोठ्या शहरांत राहून आल्या होत्या, परिषदांत इंग्रजी बोलायच्या तेव्हा आमचे प्राचार्य कौतुकाने आणि थोड्या धास्तीने ऐकायचे. पण प्रयोगशाळेत सगळं सानगडीचं. यंत्राला 'बाप्पा' म्हणायच्या, फ्रीजरला 'म्हतारा'. जेल ओतताना त्यात खाचा पाडायला जो दातेरी तुकडा लावतात त्याला सगळे कंगवा म्हणतात, मॅडम मागावरच्यासारखी 'फणी' म्हणायच्या, आणि त्या खाचांना 'घरं'. जेल म्हणजे आमच्याकडे आगरची नरम वडी, तिच्यात विजेच्या जोरावर डीएनए धावतो आणि कुठवर धावला ते पट्टीसारखं दिसतं. माझी बायको रेखा शेजारणीला अभिमानाने सांगायची, "आमचे हे दिवसभर जेलवर असतात." त्यावरून गल्लीत कित्येक महिने समज होता की मी कारागृहात शिपाई आहे. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. नंतर मला उशीर झाला की म्हणायच्या, "काय गा, आज जेल फोडून आला का?"

मग ते वर्तुळाचं वेड आलं. मला विज्ञान बारावीपुरतं ठाऊक, त्यामुळे त्यांनी मला जसं समजावलं तसंच इथे लिहितो, जाणकारांनी सांभाळून घ्यावं. आरएनए म्हणजे पेशीतला निरोप. तो असतो धाग्यासारखा, दोन टोकांचा. पण काही निरोपांची दोन्ही टोकं एकमेकांना सांधली जातात आणि त्याची बांगडी होते. विषाणू शिरलेल्या पेशीत विषाणूच्याच आरएनएच्या अशा बांगड्या सापडतात, असं जगात ठिकठिकाणी लोक सांगू लागले होते. त्या शोधायच्या कशा? एक एन्झाइम असतं, त्याला आरएनएचं टोक सापडलं की ते खात सुटतं. ते टाकायचं. धागे सगळे संपतात. बांगडीला टोकच नाही, ती वाचते. मॅडम म्हणायच्या, "माया बाप डोळे मिटून बोटानं तुटलेल्या धाग्याचं टोक काढे. ज्याले टोकच नाही ते त्याले बी नसतं सापडलं." आणि दुसरी खूण अशी: दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी करायची आणि चालायला सांगायचं. सरळ रस्ता असला तर ती जन्मात भेटणार नाहीत. पण तलावाला वळसा घालून जाणारी वाट असली तर पलीकडे समोरासमोर येतील. डीएनएचे दोन छोटे तुकडे असे पाठीला पाठ लावून सोडायचे, भेट झाली तर पट्टी येते. आमच्या या तलावांच्या जिल्ह्यात ही गोष्ट कोणालाही कळेल. मला तर एका दमात कळली.

अडचण पुढे होती. मॅडमनी निवडला होता मिरचीचा विषाणू, ज्याने पानं आकसून गोळा होतात, शेतकरी त्याला बोकड्या म्हणतात. आणि या विषाणूचा स्वतःचा डीएनएच मुळात गोल असतो. वर त्याचे अर्धवट, छोटे गोल तुकडेही झाडात फिरत असतात. म्हणजे तलाव दोन झाले. आपली माणसं आरएनएच्या तलावाकाठी भेटली की डीएनएच्या, हे पट्टी बघून कसं ओळखणार? म्हणून आधी एका एन्झाइमने सगळा डीएनए मारून टाकायचा. मग उरलेल्या आरएनएची दुसऱ्या एन्झाइमने डीएनए-नक्कल करायची, कारण पुढचं यंत्र फक्त डीएनएच ओळखतं. आणि डीएनए खरंच मेला होता का, हे पाहायला एक नळी वेगळी ठेवायची. तिला बाकी सगळं द्यायचं, फक्त नक्कल करणारं एन्झाइम द्यायचं नाही. शास्त्रात तिला लांबलचक नाव आहे. मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात नळी दिली आणि म्हणाल्या, "हिच्यावर 'उ' लिव्ह. उपाशी. हिले काही खायले द्याचं नाही."

"काहून जी?"

"उपाश्यानं ढेकर देल्ला तं काय समजाचं?"

"चोरून खाल्लं."

"बस. इतकंच आहे सायन्स." आणि वर म्हणाल्या, "बाकी नळ्या खोटं बोलतीन गा मनोहर. उपाशी नाही बोलत."

तेव्हापासून आमच्या निळ्या रॅकमधलं शेवटचं भोक उपाशीचं. त्याच्याखाली मी मार्करने 'उ' लिहिला होता, तो पुसट झाला की पुन्हा गिरवायचो. डबा खायला बसलो की मॅडम सगळ्यांकडे एकदा बघायच्या, "उपाशी कोण?" असं विचारायच्या आणि मग झाकण उघडायच्या. विद्यार्थी हसायचे.

मिरचीची पानं आणायला आम्ही आंबागडकडे जायचो. किल्ल्याच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या आजीची मिरचीची पट्टी होती, तिच्यातली अर्धी झाडं बोकड्याने गेलेली. आम्ही पानं तोडून बर्फाच्या डब्यात भरायला लागलो की आजी कमरेवर हात ठेवून बघायची. "बाई वो, चांगली मिरची सोडून तुमी रोगटच काहून नेऊन राहिल्या?" मॅडम तिला सगळं समजावून सांगायच्या, धागा, बांगडी, तलाव. एकदा आजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बोकड्या जाईन का?" मॅडम म्हणाल्या, "आत्ताच नाही सांगता येत, माय." परतताना जीपमध्ये म्हणाल्या, बाकी कोणी विचारलं नाही, पण तिने बरोबर तेच विचारलं.

आता तो दिवस. मॅडमच्या आईला नागपूरला दवाखान्यात ठेवलं होतं आणि त्या तिकडे होत्या. काम माझ्यावर सोपवून गेल्या होत्या, आणि मला त्याचा अभिमान होता. आजीच्या शेतातले चार रोगट नमुने, दोन चांगल्या झाडांचे, एक पाण्याची नळी आणि एक, तुकड्यांची लांबी ताडायला, मोजपट्टीची. मोजून आठ. आणि आमची फणी आठ दातांची. नऊ नळ्या आणि आठ घरं. त्यात रोगट पानांचा आरएनए इतका थोडा उरला होता की उपाशीला काढला असता तर खऱ्या नळीला कमी पडला असता. मी विचार केला, उपाशी उद्या लावू. नाहीतरी ती नेहमी स्वच्छच येते. यंत्र लावलं, जेल धावलं, दिव्यावर ठेवलं... आणि चारही रोगट नमुन्यांत पट्टी. लख्ख. चांगल्या झाडांत काही नाही. एवढी सुंदर पट्टी मी आयुष्यात पाहिली नव्हती. तेवढ्यात मॅडमचा फोन. दवाखान्यातला गोंगाट ऐकू येत होता.

"आली का गा?"

"आली जी मॅडम! चारी घरात आली!"

मग हळूच, "आन् उपाशी?"

त्यांची आई आत होती, त्या बाहेर बाकावर असतील, दोन रात्री झोपल्या नसतील. मला ती एक नळी मध्ये आणवली नाही. "साफ आहे जी," मी म्हणालो.

एवढंच. पाच अक्षरांचं खोटं. दुसऱ्या दिवशी लावीन म्हणालो होतो, पण आरएनए संपला होता, आणि त्याच आठवड्यात त्यांची आई गेली. पुढे प्रयोग पुन्हा करायची वेळ आली तेव्हा त्याच जुन्या साठ्यातली नक्कल वापरली, आणि उपाशी वेगळ्या जेलवर लावली होती असं सांगितलं. एक खोटं पचवायला दुसरं लागतं, हे आमची आई सांगायची, ते असं. मॅडमनी वहीत मी सांगितलं तसं लिहिलं. पट्टीतला डीएनए वाचून आणला, त्यात बांगडीचा सांधाही दिसला, मॅडम नाचायच्या बाकी राहिल्या. शोधनिबंध छापून आला. भंडाऱ्यासारख्या गावातून असं काही बाहेर जातं, याचं कॉलेजात कोण कौतुक! प्राचार्यांनी पेढे वाटले. मॅडमनी आंबागडच्या आजीलाही पेढा नेऊन दिला. त्या दिवसांत मी रोज ठरवायचो की आज सांगू. मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि उद्यावर टाकायचो.

मग दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. अगदी सभ्य पत्र. आम्ही तुमची पद्धत केली, डीएनए नीट मारला तर पट्टी येत नाही, नाही मारला तर नक्कल न केलेल्या नळीतही येते, आपण एकदा पाहावं. मॅडम सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन एकट्याने प्रयोग करू लागल्या. मला जवळ बोलावलं नाही. चौथ्या दिवशी मी आलो तेव्हा त्या दिव्यासमोर बसल्या होत्या. उपाशीच्या घरात पट्टी होती, बाकीच्यांइतकीच लख्ख. डीएनए मारणारं एन्झाइमच मेलेलं निघालं. उन्हाळ्यातल्या भारनियमनात आमचा म्हातारा फ्रीजर कितीदा तरी गार-गरम झाला होता. म्हणजे एन्झाइम बिचारं विजेमुळे गेलं, त्यात कोणाचा दोष नव्हता. पण ते पकडायलाच तर उपाशी होती. मी दारात उभा होतो. मॅडम मागे न बघता म्हणाल्या, "ढेकर देल्ला गा." माझ्या आयुष्यातला बोलायचा क्षण तोच होता आणि मी चहा आणतो म्हणून निघून गेलो.

निबंध मागे घेतल्याचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. त्यात म्हटलं होतं की नियंत्रण नळीची, म्हणजे आमच्या उपाशीची, खातरजमा आपण केली नाही आणि जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. त्यात माझं नाव नव्हतं. स्टाफरूममध्ये उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना हेच सांगितलं. मी तेव्हा हजेरीचं रजिस्टर घेऊन दारात होतो. पुढे त्या आल्या की बोलणं थांबायचं. कोणीतरी 'वर्तुळवाली' हे नाव ठेवलं. प्रकल्पाचा पुढचा टप्पा मिळाला नाही, फ्रीजर रिकामा करून भिंतीला लावला. डबा खायला मॅडम प्रयोगशाळेतच एकट्या बसायच्या. तरी झाकण उघडायच्या आधी रिकाम्या बाकांवरून त्यांची नजर एकदा फिरायची, हे मी खिडकीतून पाहिलं आहे. आत जाऊन शेजारी बसायला मला कोणी अडवलं नव्हतं.

वर्षभरात संस्थेने माझी बदली लाखनीच्या शाखेत केली. खरं सांगायचं तर मीच मागून घेतली. मी गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "जाय. फोन करत जाईन." आणि दर रविवारी बारा वाजता त्यांचा फोन येऊ लागला. भाताच्या रोवणीपासून नव्या यंत्रांपर्यंत सगळ्या गप्पा. निवृत्त होऊन सानगडीला गेल्या तरी जगात बांगड्या शोधायच्या नव्या काय पद्धती निघाल्या हे वाचत आणि मला सांगत. पण फोनची सुरुवात ठरलेली. "उपाशी तं नाही नं गा?" मी म्हणायचो, "नाही जी." मग पुढचं बोलणं. सुरुवातीला एकदा मी चेष्टेत म्हणालो, "मॅडम, घरी रेखा आहे नं, ते उपाशी कायले ठेवीन मले?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तसं नाही गा..." आणि थांबल्या. मी वाट पाहिली नाही, मिरचीच्या भावावर घसरलो. तीन वर्षांपूर्वी रेखा गेली. मुलगा पुण्याला. त्यानंतर ते रविवारचं विचारणं मला चक्क जेवणापेक्षा गरजेचं वाटायला लागलं. आठवडाभर मला कोणी काही विचारत नसे. मला वाटायचं, एकटं पडलेल्या माणसाची एकटं पडलेलं माणूस चौकशी करतं आहे.

त्या गेल्या त्याच्या महिनाभर आधी मी सानगडीला गेलो होतो. वडिलांचा माग विकून टाकला होता, त्याची जागा मोकळीच होती, जमिनीत खड्डा बुजवल्याची खूण तेवढी. खिडकीत आमचा निळा रॅक. भोकाभोकांत सुया, दोऱ्याच्या कांड्या, पेन्सिली. शेवटचं भोक रिकामं. मी विचारलं, "हे काहून रिकामं ठेवलं जी?" मॅडम चहा गाळत होत्या. "ते उपाशीचं आहे," म्हणाल्या, आणि गाळणी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मी म्हणालो, "साकोलीची गाडी चार वाजता आहे नं?" त्यांनी कप पुढे केला. "आहे. आरामात पी." तीच आमची शेवटची भेट.

तेरावं झाल्यावर वसंतभाऊंनी, म्हणजे मॅडमच्या धाकट्या भावाने, पुन्हा बोलावलं. "ताईच्या कामाच्या वह्या आहेत. आमाले काही समजत नाही आन् रद्दीत द्याले जीव होत नाही. तुमी पाहून घ्या." मी खिडकीपाशी बसून ती वही काढली. मला पान शोधावं लागलं नाही, तिथे दोऱ्याचा तुकडा घालून ठेवला होता. माझ्या त्या जेलचा फोटो चिकटवलेला. प्रत्येक घराखाली मॅडमनी पेन्सिलीने आकडा घातला होता, एक ते आठ. आठवर रेघ. आणि खाली, निबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवसाची तारीख घालून, बारीक अक्षरात:

'आठ घरं. उपाशी नाही. म.ला विचारायचं नाही. तो सांगेल.'

मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. वसंतभाऊ म्हणाले, "काही कामाचं आहे का?" मी मान हलवली. मॅडमना माहीत होतं. पत्र लिहिलं, स्टाफरूममध्ये उभ्या राहिल्या, एकट्याने डबा खाल्ला, त्या सगळ्याच्या आधीपासून माहीत होतं. आणि त्यांनी विचारलं नाही, कारण मी सांगेन याची त्यांना खात्री होती. माझ्यावर एवढा भरोसा माझ्या बापानेही ठेवला नसेल.

परतताना गाडीत दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी दोन स्टॉप पुढे गेलो. मुलगा आता पुण्याची मराठी बोलतो, तो कधीमधी फोन केला की विचारतो, "बाबा, उपाशी नाहीस ना?" त्यात त्या 'स'मुळे घोळाला जागाच नाही, ते माणसालाच विचारलेलं असतं. आमच्या बोलीत तो 'स' नाही. 'तू उपाशी नाही' आणि 'ती उपाशी नाही', दोन्हीकडे नुसतं 'नाही'. "उपाशी तं नाही नं गा?" त्यांनी वहीत लिहिलेलेच शब्द होते ते. त्या पोटाचं विचारत नव्हत्या. त्या नळीचं विचारत होत्या, ती नव्हतीच ना म्हणून, लाखनीला गेलो त्या पहिल्या रविवारपासून. आणि मी प्रत्येक वेळी काय म्हणालो? "नाही जी." दर रविवारी बारा वाजता मी त्यांना अगदी खरं उत्तर देत होतो आणि तोंडात भाताचा घास होता.

त्यांनी ते कबुली म्हणून धरलं असेल का, असं मन मला समजावू बघतं. मी ते चालू देत नाही. ज्याला आपण काय बोलतो हे माहीत नाही, त्याची ती कबुली कसली? मॅडमनीही ती धरली नसती. धरली असती तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं नसतं.

म्हणून लिहितो. त्या निबंधातली चूक डॉ. कुमुद यांची नव्हती. ती नळी मी लावली नव्हती आणि लावली असं सांगितलं होतं. ज्यांनी त्यांना वर्तुळवाल्या म्हटलं त्यांनी हे वाचावं.

वसंतभाऊंनी वह्यांबरोबर रॅकही दिला. तो आता माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. 'उ' जवळजवळ गेला होता, मी गिरवला. काल रविवार होता. बारा वाजता भात वाढून घेतला, आणि पहिला घास घ्यायच्या आधी रिकाम्या घरात मोठ्याने म्हणालो, "नाही जी मॅडम. उपाशी नाही. मी लावलीच नव्हती." बाहेर हायवेवर ट्रक चालले होते. भात निवेपर्यंत मी फोनकडे बघत बसलो होतो.